लॅपटॉप घे गं, पण प्लॅनला हो म्हणण्याआधी हे ऐक

लॅपटॉप ठरला ना तुझा? छान झालं. कॉलेज कोपरगावचं असो, लोणीचं असो की पुण्याचं, आता त्याच्याशिवाय पान हलत नाही. रॅम किती, प्रोसेसर कोणता, हे सगळं तू नीट बघितलं असणार. पण बिल करायला काउंटरवर गेलीस की दुकानातला मुलगा हमखास विचारणार, "ताई, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? नंतर काही झालं तर लय महागात जातं." मागे बाबा उभे, खिशात उसाच्या बिलातून काढून ठेवलेले पैसे, शेजारी दुसरं गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि तुझ्या पोटात गोळा. हो म्हणावं तर चार-पाच हजार जास्तीचे जातात. नाही म्हणावं आणि उद्या काही बिघडलं, तर घरातलं प्रत्येक जण तुलाच बोलणार.

घाबरू नकोस. हा निर्णय काउंटरवर उभ्या-उभ्या घ्यायचाच नसतो, तो घरूनच ठरवून जायचा असतो. आणि एक गोष्ट पहिल्यांदा मनात पक्की कर: कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा पहिलं वर्ष संपेपर्यंत कधीही घेता येते. "आजच घेतली तरच मिळेल" हे वाक्य ऐकलंस की एवढंच म्हणायचं, "दादा, मुदत काय आहे ती लिहून द्या, घरी विचारून सांगते." पडझडीच्या संरक्षणाला मात्र कंपनीप्रमाणे कमी दिवसांची मुदत असते, ती तेवढी विचारून घे. त्या विक्रेत्या पोरावर रागवू नकोस हं. लॅपटॉपवर दुकानाला फार सुटत नाही, प्लॅनवर बरं सुटतं, आणि किती प्लॅन विकले याचं टार्गेट त्याच्याही डोक्यावर असतं. तो त्याचं काम करतोय, तू तुझं कर.

आता प्लॅन म्हणजे नक्की काय ते समजून घे, कारण सगळा घोळ इथेच होतो. लॅपटॉपबरोबर कंपनी साधारण एक वर्षाची वॉरंटी देतेच. काही मॉडेलांना दोन किंवा तीन वर्षांचीही असते, तेव्हा आधी तेच तपास. असलेलंच पुन्हा विकत घेण्यात काय अर्थ? वाढीव वॉरंटी ही पहिली संपल्यावर सुरू होते. म्हणजे "तीन वर्षांचा प्लॅन" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं, तरी त्यातलं पहिलं वर्ष तुझं आधीचंच असू शकतं. तू पैसे मोजतेस ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे.

आणि त्या दोन वर्षांत भरून मिळतं काय? आपोआप झालेला बिघाड. एक दिवस लॅपटॉप सुरूच झाला नाही, मदरबोर्ड गेला, स्क्रीनवर आपसूक रेघा आल्या, तर तो खर्च कंपनीचा. पण हातातून पडला, चहा सांडला, धाकट्या भावाने वर पाय ठेवला, तर साधी वाढीव वॉरंटी हात वर करते. त्यासाठी ॲक्सिडेंटल डॅमेज नावाचं वेगळं संरक्षण असतं, त्याचे पैसे वेगळे, आणि त्यातही वर्षाला किती वेळा दावा करता येतो याची मर्यादा असू शकते. बॅटरी तर झिजणारी वस्तू म्हणून बहुतेक प्लॅनमध्ये पहिल्या वर्षानंतर बाहेरच असते. विजेचा दाब वर-खाली होऊन काही जळलं, तर तेही बऱ्याच वॉरंट्यांमध्ये बसत नाही. आपल्याकडे वस्तीवर वीज कशी येते-जाते हे मी तुला सांगायला नको. म्हणून ही ओळ कागदावर बोट ठेवून वाच.

खरं सांगू का, हे सगळं वजा केलं की साध्या वाढीव वॉरंटीत मोठी गोष्ट उरते ती मदरबोर्डची. लॅपटॉपमधला सगळ्यात महागडा भाग सहसा तोच. कीबोर्ड, चार्जर, बॅटरी, पंखा हे बहुतेक वेळा प्लॅनच्या किमतीत किंवा त्याहून कमीत बदलून होतात. तेव्हा एक काम कर. लॅपटॉप घेण्याआधीच त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला फोन लाव आणि विचार, "या मॉडेलचा मदरबोर्ड बदलायला अंदाजे किती येतील? स्क्रीनला किती?" ते ढोबळ आकडा सांगतात. समज, लॅपटॉप ५०,००० रुपयांचा आहे आणि प्लॅन ५,००० चा. बोर्डाचा खर्च प्लॅनच्या तिप्पट-चौपट असेल आणि तेवढे पैसे तिसऱ्या वर्षी एकदम उभे करणं घराला जड जाणार असेल, तर प्लॅनचा विचार कर. हाच लॅपटॉप २५,००० चा असेल आणि प्लॅनही ५,००० चाच, तर थेट किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढा पैसा भीतीपोटी गेला. तिथे मी नाहीच म्हणेन. पातळ, हलका लॅपटॉप घेणार असशील तर आणखी एक बघ: त्यात बऱ्याचदा रॅम बोर्डालाच जोडलेली असते, त्यामुळे रॅम बिघडली तरी सगळा बोर्डच बदलावा लागू शकतो. अशा लॅपटॉपला प्लॅनची बाजू जरा जड होते.

पुण्या-मुंबईच्या मुलीला मी इथवरच सांगितलं असतं. तू पुणतांब्याची आहेस, म्हणून तुझ्यासाठी पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: दुरुस्ती कुठे होणार?

काही प्लॅनमध्ये लॅपटॉप तूच सेवा केंद्रात नेऊन द्यायचा असतो, त्याला कॅरी-इन म्हणतात. काहींमध्ये कंपनीचा माणूस घरी येतो, ती ऑनसाइट सेवा. शहरात हा फरक रिक्षाच्या भाड्याएवढा असेल. आपल्याला तो दोन दिवसांएवढा पडतो. आपलं स्टेशन जंक्शन आहे, शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो, दौंड-मनमाड मार्गावर गाड्यांची ये-जा आहे, हे सगळं खरं. पण सेवा केंद्र नाशिकला किंवा पुण्याला असेल, तर एक खेप द्यायला आणि एक आणायला. त्यात बाबांचा किंवा दादाचा दिवस मोडणार, आणि ते सगळं नेमकं तुझ्या सबमिशनच्या आठवड्यात येणार. म्हणून प्लॅन घेण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिनकोड टाकून बघ, नाहीतर हेल्पलाइनला फोन करून स्पष्ट विचार: "पुणतांबा, तालुका राहाता, इथे घरी येऊन दुरुस्ती देता का? की ऑनसाइट लिहिलंय ते फक्त मोठ्या शहरांपुरतं?" हो म्हणाले तर त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घे. फोनवरचं हो कामाला येत नाही गं, कागदावरचं येतं.

आणि घरी येणार म्हणाले, तर पत्ताही असा लिही की माणूस पोचेल. "मु. पो. पुणतांबा" एवढ्यावर कुरिअरवालाही गावात फिरत बसतो. वस्तीवर राहत असशील तर कुठल्या रस्त्याने यायचं, चांगदेव महाराजांच्या मंदिराच्या कोणत्या बाजूला वळायचं, कोणाच्या वस्तीच्या पुढे, हे नोंदणी करतानाच लिही आणि घरातल्या दोघांचे मोबाइल नंबर दे. तू कॉलेजात असताना फोन लागला नाही, तर ते "ग्राहक उपलब्ध नाही" म्हणून तक्रार बंद करून मोकळे होतात.

आता प्लॅन कोणाचा, हे बघू. कंपनीचा स्वतःचा असेल, जसं एचपीचा केअर पॅक, लेनोवोचा प्रीमियम केअर किंवा ॲपलचा ॲपलकेअर प्लस, तर लॅपटॉपच्या सीरियल नंबरवर त्याची नोंद होते आणि ती तुला वेबसाइटवर दिसते. सुटे भागही कंपनीचे मिळतात. दुसरा प्रकार दुकानाच्या साखळीचा किंवा तिसऱ्याच कंपनीचा. तो वाईटच असतो असं नाही, स्वस्तही असतो. पण तिथे तीन गोष्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. एक, दुरुस्ती अधिकृत केंद्रात होणार की त्यांच्या कारागिराकडे. दोन, दरवर्षी लॅपटॉपची किंमत कमी धरून तेवढीच भरपाई देणार का. तीन, दुरुस्ती परवडत नाही असं त्यांनी ठरवलं तर नवा लॅपटॉप देणार, रोख पैसे देणार, की त्यांच्याच दुकानात चालेल असं कूपन. हे तिन्ही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि नंतरची भांडणं तिथूनच निघतात.

ऑनलाइन घेणार असशील तर पैसे भरण्याआधी कार्ट उघडून एकेक ओळ बघ. कधीकधी प्लॅनच्या चौकटीत आधीच टिचकी मारलेली असते. असं ग्राहकाला न विचारता कार्टमध्ये काही घुसडणं चुकीचं आहे, असं मी माझ्या मनचं सांगत नाहीये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले, त्यांत अशा १३ प्रकारांची यादी आहे आणि हा प्रकार त्यांत आहे. टिचकी काढून टाक आणि पुढे जा.

मला ठाऊक आहे, तुला वाटतंय की एवढे प्रश्न विचारले तर दुकानदार काय म्हणेल. अगं, तू कुठल्या गावची? २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या संपाची हाक याच पुणतांब्याच्या ग्रामसभेतून निघाली, आणि १ जूनला संप सुरू झाला तेव्हा सबंध महाराष्ट्राने आपल्या गावाचं नाव घेतलं. पिकाला भाव का नाही, असं इथल्या माणसांनी उघड विचारलं. त्या गावच्या मुलीने घरच्या पैशाने घेतलेल्या वस्तूबद्दल चार प्रश्न विचारताना मान खाली घालायची नाही. आवाज शांत ठेव, शब्द साधे ठेव, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नकोस.

आणि प्लॅन घेतला नाहीस तर तू उघड्यावर पडलीस, असंही समजू नकोस. तुझ्या पाठीशी कायदा आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाही नव्हता. तो आला १९८६ मध्ये. आता ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या तुझ्या उपयोगाच्या गोष्टी सांगते, लक्षात ठेव. तू जिथे राहतेस त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी बंगळूरची असली तरी तुला अहिल्यानगरलाच दाद मागता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करायची. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल सुरू झालंय, त्यावर घरबसल्या तक्रार भरता येते. आणि त्याही आधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरव, तिथे मराठीतून बोलता येतं. कंपनी वॉरंटीत असलेली दुरुस्ती टाळत असेल, तर आयोगापर्यंत जाण्याआधी इथे प्रयत्न करायचाच.

हे सगळं चालतं मात्र कागदावर. म्हणून लॅपटॉप हातात आला की दुकानातच खोका, लॅपटॉपची खालची बाजू आणि बिल शेजारी ठेव. तिन्हींवरचा सीरियल नंबर एकेक अक्षर जुळवून बघ. बिलावर नंबर लिहिलेला नसेल तर तिथल्या तिथे लिहून घे. घरी आल्यावर कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कधी संपते ते बघ. काही वेळा कंपनीच्या नोंदीत वॉरंटी तुझ्या खरेदीच्या तारखेऐवजी माल गोदामातून निघाल्यापासून मोजलेली असते, आणि तुझे दोन-तीन महिने आपसूक गेलेले असतात. बिल पाठवलं की ती तारीख दुरुस्त करून मिळते, पण बिल हवं. थर्मल कागदावरच्या बिलाची अक्षरं कालांतराने उडतात, तेव्हा त्याचा फोटो काढून स्वतःला ईमेल कर.

आता प्लॅन नको असं ठरलं, तर त्या पैशाचं काय करायचं तेही सांगते. ते चार-पाच हजार खर्चून टाकू नकोस गं. बँकेत आवर्ती ठेव उघड, महिन्याला २०० रुपये टाक. तीन वर्षांत ७,२०० होतात, वर व्याज. काही बिघडलं तर दुरुस्तीला पैसे तयार, नाही बिघडलं तर पुढच्या लॅपटॉपची सुरुवात झाली. घरात बचत गट असेल तर आईला सांगून तिथे ठेव. पण नाव घालून ठेव, नाहीतर पोळ्याच्या खरेदीत ते कधी गेले ते कळणारही नाही.

आणि प्लॅन घे की नको घे, लॅपटॉप सांभाळणं काही सुटत नाही. चार्जर थेट भिंतीच्या बोर्डात खुपसू नकोस, मधे चांगला स्पाइक गार्ड लाव. वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की पिन काढून टाक आणि बॅटरीवर काम कर. थंडीत गोधडीवर ठेवून काम करायचा मोह होतो, पण खालच्या जाळ्या बुजतात आणि गरम हवा आतच कोंडते. त्यापेक्षा पाट घे, त्यावर ठेव. झाकण उघडताना एका कोपऱ्याला धरून ओढू नकोस, मधोमध धरून सावकाश उचल. कोपऱ्यातून उघडायची सवय लागली की बिजागरीजवळच्या प्लास्टिकला आधी केसाएवढी चीर जाते, मग ती रोज उघडझाप करताना वाढत जाते, आणि शेवटी बिजागरी स्क्रीनची चौकटच उचकटते. हा बिघाड बहुतेक वॉरंट्या वापरणाऱ्याच्या माथी मारतात.

एक शेवटची गोष्ट, ती कुठल्याच प्लॅनमध्ये नसते: तुझ्या फाइली. लॅपटॉप बदलून मिळेल, पण प्रोजेक्टचा अहवाल, नोट्स, आजीचे फोटो कंपनी परत देत नाही. दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधली डिस्क कोरी होऊन येऊ शकते, आणि तशी अट तू सहीने मान्य केलेली असते. दर रविवारी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा ड्राइव्हवर ठेव. दुरुस्तीला देण्याआधी तर ठेवच.

तर माझं मत विचारशील तर असं. लॅपटॉप तुझ्या घराला महाग आहे, पुढची तीन-चार वर्षं दुसरा घेणं शक्य नाही, प्लॅन कंपनीचा स्वतःचा आहे, आणि पुणतांब्याला घरी येऊन दुरुस्त करू असं ते लिहून देतात, तर घे. बिनधास्त घे, बाबांनाही तसं समजावून सांग. रोज बसने किंवा रेल्वेने ये-जा करणार असशील, तर पडझडीचं संरक्षण जोडलेला प्लॅन आधी बघ, कारण गर्दीत बॅगेला धक्का लागतोच. यातलं काही जुळत नसेल, तर पैसे बँकेत टाक आणि निर्धास्त राहा.

तू हे सगळं नीट करशील, मला खात्री आहे. काउंटरवर नेण्यासाठी घरीच एका चिठ्ठीवर चार प्रश्न लिहून घे: काय भरून मिळतं, काय मिळत नाही, दुरुस्ती कुठे, आणि अटींचा छापील कागद कुठे. पहिल्या तिन्हींची उत्तरं तोंडी चांगली मिळतील. चौथं मागितल्यावर त्याने कागद दिला नाही, तर प्लॅन घेऊ नकोस. लॅपटॉप तेवढा घे आणि घरी ये.